घरच्या घरी पावडर कोटिंग: जुन्या गाडीच्या सुट्या भागांपासून सुरुवात

वडिलांची येझदी दहा-बारा वर्षं पडवीत उभी होती. ती खोलायला घेतली तेव्हा इंजिनापेक्षा जास्त त्रास दिला तो लहानसहान लोखंडाने: साइड स्टँड, फूटरेस्ट, हॉर्नची पट्टी, बॅटरीचा डबा, चेनगार्ड. सगळं गंजलेलं. स्प्रेच्या डब्याने काळं केलं, तर पेट्रोलचा एक थेंब पडताच रंग मऊ पडला आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. मग पावडर कोटिंगकडे वळलो. आम्ही कोल्हापूरचे. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हे काम चांगलं कसं होतं ते जवळून बघता आलं. तरी घरच्या ओव्हनमध्ये करताना पहिले चार-पाच जॉब (म्हणजे कोटिंगला घेतलेले भाग) वाया गेलेच. तुमचे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी हे कसं चालतं ते समजून घ्या

पावडर म्हणजे रंग, रेझिन आणि हार्डनर एकत्र करून दळलेली बारीक भुकटी. त्यात थिनर नसतो. ती फवारणाऱ्या गनच्या टोकाला उच्च दाबाची वीज असते, तिच्यातून जाताना कणांवर विद्युतभार चढतो. आपला जॉब अर्थिंगला जोडलेला असल्यामुळे हे कण त्याच्याकडे ओढले जाऊन चिकटतात. मागच्या बाजूलाही थोडे वळसा घालून जातात. मग जॉब ओव्हनमध्ये घातला की पावडर वितळते, पसरते आणि रासायनिक क्रिया होऊन कायमची घट्ट होते. ही शेवटची क्रिया पूर्ण झाली तरच कोटिंग टिकतं, नाहीतर ते नुसतं वितळून थंड झालेलं प्लॅस्टिक असतं. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात, नवखा माणूस फसतो तो इथेच.

पावडर मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, दहा मिनिटांत हात बसतो. काम बिघडतं ते सफाईत आणि तापमानात. म्हणून पैसे आणि वेळ तिथे घाला. महागड्या गनच्या मागे लागू नका.

काय काय लागेल

*गन.* छंद म्हणून काम करणाऱ्यांसाठी छोट्या गन मिळतात. कारखान्यातली गन १०० किलोव्होल्टपर्यंत जाते, या त्याच्या बऱ्याच खाली चालतात. हातात मावणाऱ्या जॉबला तेवढं पुरतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या व्यक्तीला गनच्या जवळपास येऊ देऊ नका.

*हवा.* या गनला हवा फार कमी लागते, साधारण ५ ते १० पीएसआय, म्हणजे अर्ध्या बारच्या आसपास. त्यामुळे छोटा कॉम्प्रेसर चालतो. पण हवा कोरडी हवी. टाकीतलं पाणी रोज काढा आणि गनच्या आधी मॉइश्चर फिल्टर लावाच. हवेतून तेलाचा एक थेंब आला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

*ओव्हन.* ५०-६० लिटरचा, पंखा असलेला ओटीजी घ्या. जुना चालेल. दोन गोष्टी मात्र पाळा. एकदा पावडर भाजली की त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खायचं काही करायचं नाही. त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच. दुसरं, २००० वॅटचा ओव्हन जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको. गॅसवर चालणारी भट्टी किंवा शेगडी या कामाला कधीच वापरू नका. कारण पुढे येतंय.

*तापमापक.* ओव्हनच्या बटणावरचा आकडा खरा मानू नका. माझ्या ओव्हनचं बटण २०० दाखवायचं तेव्हा आत १६५ अंश होते, हे मला तिसऱ्या फसलेल्या जॉबनंतर कळलं. के टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टिमीटर घ्या. त्याचं टोक बोल्टने जॉबलाच आवळता येतं, म्हणजे धातूचं तापमान थेट कळतं. लांबून लाल ठिपका टाकणारा इन्फ्रारेड तापमापकही चालतो, पण उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर तो फार कमी आकडा दाखवतो. पावडर वितळल्यावर त्याचं माप बऱ्यापैकी जुळतं.

बाकी किरकोळ: उष्णता सोसणारी हिरवी पॉलिएस्टर टेप, सिलिकॉनचे बूच, बाइंडिंग वायर, नायट्राइल हातमोजे, एन ९५ मास्क, डोळ्यांना चष्मा. साधी मास्किंग टेप ओव्हनमध्ये करपते आणि तिचा गोंद जॉबवर राहतो, ती नको.

पावडर कोणती घ्यायची

दुकानात विचारलंत तर दोन नावं हमखास ऐकू येतील: एपॉक्सी पॉलिएस्टर आणि प्युअर पॉलिएस्टर. पहिली घरातल्या कपाटांना, रॅकला ठीक. उन्हात ती काही महिन्यांत फिकट होऊन तिच्यावर खडूसारखी पूड धरते. गाडी उन्हात उभी राहते, म्हणून प्युअर पॉलिएस्टरच मागा. रंगासाठी आरएएल नंबर (रंगांच्या ठरलेल्या यादीतला क्रमांक) सांगा: ९००५ म्हणजे गडद काळा, ९००६ म्हणजे चंदेरी. नंबर सांगितला की पुढच्या वेळी तोच रंग परत मिळतो.

पहिल्यांदा बारीक टेक्स्चरचा किंवा मॅट काळा घ्या. चकचकीत काळा प्रत्येक धूळकण आणि प्रत्येक खरवड दाखवतो.

किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. पावडरची घनता पाण्याच्या साधारण दीडपट आणि थर ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) धरला, तर एका चौरस मीटरला सुमारे १०५ ग्रॅम प्रत्यक्ष चिकटते. घरी निम्मी खाली सांडते असं धरलं तरी २०० ग्रॅम. अर्ध्या किलोत एका मोटारसायकलचे सगळे बारके भाग आरामात होतात. सांडलेली पावडर गोळा करून परत वापरायचा मोह टाळा, तिच्यात केस आणि धूळ आलेली असते.

पावडर कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की उघडी राहिलेली पावडर गोळे धरते. असे गोळे गनमधून थुंकल्यासारखे बाहेर पडतात आणि जॉबवर गाठी उठतात. शंका आली तर बारीक चाळणीने चाळून घ्या.

कोणत्या भागांना हात लावायचा नाही

हा भाग उडवू नका, यात जिवाचा प्रश्न आहे.

पेट्रोलची टाकी घरी भाजायची नाही. कितीही धुतली तरी आत वाफ उरते. अलॉय व्हील नको: ॲल्युमिनियमला उष्णता देऊनच ताकद आणलेली असते, बेताल तापमानात ती उतरू शकते आणि घरच्या ओव्हनवर तेवढा भरवसा नाही. शॉकॲब्झॉर्बर नको, आत तेल आणि कधी दाबाखालचा वायू असतो. सस्पेन्शनच्या स्प्रिंगही नकोत. ब्रेकचे शू, डिस्क, कॅलिपर नकोत. रबर, बुश किंवा बेअरिंग बसलेला भाग ते काढल्याशिवाय ओव्हनमध्ये जाणार नाही. डाग दिलेले जोड तर अजिबात नकोत, नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं. आणि लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेला पत्रा? ती लांबी २०० अंशांना फुगते, तडकते. लांबी लागणारं काम सरळ पेंटरकडे द्या. सायलेन्सरवर साधी पावडर टिकत नाही, त्याची खास पावडर वेगळी असते.

पहिला जॉब म्हणून हॉर्नची पट्टी किंवा नंबरप्लेटची फ्रेम घ्या. बिघडली तरी नुकसान नाही आणि ती जाड नसल्यामुळे लवकर तापते.

सफाई: खरं काम इथे आहे

आधी रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस काढा. मग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने दोनदा घासून धुवा. तेल पूर्ण गेल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका, नाहीतर तेल धातूच्या ओरखड्यांत चोळलं जातं.

जुना रंग आणि गंज काढायला ब्लास्टिंगसारखं, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा करण्यासारखं, दुसरं काही नाही. पण ब्लास्टिंगच्या छोट्या पेटीलाही हवा भरपूर लागते आणि तेवढा कॉम्प्रेसर घेतला की बजेट संपलं. माझं स्पष्ट मत आहे: ब्लास्टिंग बाहेरून करून आणा, कोटिंग घरी करा. औद्योगिक वसाहतीत हे काम करणारे असतात. पातळ पत्रा असेल तर आधीच सांगा, जाड कणांच्या माऱ्याने तो वाकतो. घरी करायचंच झालं तर नदीची वाळू कधीही वापरू नका. तिच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची निकामी होतात, सिलिकोसिस म्हणतात तो हाच. गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरा, तेही बंद पेटीत.

ब्लास्टिंग शक्य नसेल तर ग्राइंडरला वायर ब्रश लावून मोठा गंज काढा आणि ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडे एकसारखी खरवड आणा. गुळगुळीत धातूवर पावडर धरून राहत नाही. जुनं पावडर कोटिंग उतरवायला काही जण कॉस्टिक सोडा वापरतात. लोखंडाला ते चालतं, पण ॲल्युमिनियम त्यात बुडवलंत तर धातूच विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. तो प्रयोग नकोच. क्रोम केलेल्या भागावरचा क्रोमही आधी उतरवावा लागतो, ते काम प्लेटिंगवाल्याकडून करून घ्या.

आता नायट्राइल मोजे घाला आणि पुढे शेवटपर्यंत उघड्या हाताने जॉबला शिवू नका. बोटाचा ठसा कोटिंगखाली राहतो आणि वर्षभराने तिथूनच गंज फुटतो. स्वच्छ पांढऱ्या सुती कापडावर ॲसिटोन घेऊन पुसा. कापड काळं येणं थांबेपर्यंत नवी नवी घडी घेत राहा. हे उघड्यावर करा आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय ओव्हनकडे जाऊ नका.

कारखान्यात लोखंडाला सात टाक्यांतून काढतात: तेल काढणं, धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, मग फॉस्फेट वगैरे. गंजाविरुद्ध खरा आधार तो फॉस्फेटचा थर देतो. घरी त्याच्या जवळ जायचं असेल तर हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक ॲसिडचं गंज काढायचं द्रावण मिळतं. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे लावा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवा. एकदा लोखंड उघडं झालं की त्याच दिवशी कोटिंग झालं पाहिजे. पावसाळ्यात तर तासाभरातही पिवळसर गंज डोकावतो.

ओतीव भाग आधी रिकामे भाजा

ब्रेकप्लेट, क्लचचं कव्हर असे ओतीव ॲल्युमिनियमचे भाग दिसायला घट्ट असतात, पण त्यांत बारीक छिद्रं असतात आणि चाळीस वर्षांचं तेल त्या छिद्रांत मुरलेलं असतं. मी पहिली ब्रेकप्लेट लखलखीत धुऊन कोटिंगला घेतली. ओव्हनमधून काढली तर अंगावर देवीचे वण असावेत तशी छिद्रंच छिद्रं. तापल्यावर आतलं तेल आणि हवा वितळलेल्या पावडरला भोकं पाडत बाहेर आली होती.

उपाय एवढाच: पावडर मारण्याआधी तो भाग कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडा जास्त, म्हणजे २२० अंशांच्या आसपास, अर्धा-पाऊण तास भाजा. धूर निघेल, तपकिरी डाग वर येतील. थंड झाला की ॲसिटोनने पुसा आणि पुन्हा भाजा. डाग येणं थांबलं की तो तयार. काही जुनी कव्हरं तीनदा भाजावी लागतात.

मास्किंग आणि टांगणं

आटे, बेअरिंगच्या जागा, बुशची भोकं, एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग झाका. ७० मायक्रॉनचा थर कागदावर कमी वाटतो, पण आट्यात गेला की बोल्ट बसत नाही. आतल्या आट्यांना जुने ६ किंवा ८ मिलिमीटरचे बोल्ट लावले की काम झालं. ब्रेकप्लेटची आतली, शूकडची बाजू पूर्ण झाका.

जॉब मारायच्या आधीच तारेच्या हुकावर टांगा आणि हुकासकट ओव्हनमध्ये न्या. पावडर लागलेल्या जॉबला बोट लागलं की ती तिथून निघालीच. ओव्हनमध्ये तो कुठे टांगला जाईल हे रिकामा असताना बघून ठेवा. कॉइलपासून चारी बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर जवळची कड करपून पिवळी पडते.

अर्थिंग

पावडर धरत नाही अशी तक्रार असली की दोष बहुतेक वेळा अर्थिंगचा निघतो. गनचा अर्थिंगचा चिमटा हुकाला लावा. हूक जॉबला जिथे टेकतो ती जागा उघडा धातू हवी. एकदा भाजलेल्या हुकावर कोटिंग चढलेलं असतं आणि ते वीज जाऊ देत नाही, म्हणून दर वेळी हूक घासून घ्या. चिमटा आणि जॉब यांमध्ये मल्टिमीटरने सातत्य (वीज अखंड जाते का ते) तपासा, दोन सेकंदांचं काम आहे. जुन्या घरांमध्ये सॉकेटची तिसरी पिन कित्येकदा नावापुरती असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत जातं का ते आधी बघून घ्या.

पावडर मारताना

फ्रिजचं मोठं खोकं आडवं करून त्यात आडवा दांडा लावा, झालं तुमचं बूथ. दांड्याला जॉब टांगा. खोलीत मेणबत्ती, उदबत्ती, शेगडी, विडी-सिगारेट काहीही पेटतं नको. ओव्हनसुद्धा त्याच कोपऱ्यात तापत ठेवू नका. हवेत दाट तरंगणारी ही बारीक भुकटी ठिणगीने भडकू शकते, गव्हाच्या पिठाची धूळ भडकते तशीच. म्हणून थोडी थोडी मारा, ढग होऊ देऊ नका. धुळीच्या वाटेत साधा टेबलफॅन लावू नका आणि सांडलेली पावडर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. हळूच झाडून पिशवीत भरा. मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडावर.

गन जॉबपासून १५-२० सेंटिमीटरवर धरा. आधी आतले कोपरे आणि खाचा मारा, मग सपाट भाग. याला कारण आहे. खोल कोपऱ्यात विद्युतक्षेत्र पोचत नाही, पावडर कडांवरच जमते आणि कोपरा उघडा राहतो. तिथे हवेचा दाब आणखी कमी करा आणि गन तिरकी धरून पावडर हळू सोडा. एवढं करूनही धरली नाही तर जॉब थोडा गरम करून मारता येतो, पण पहिल्या महिन्यात त्या वाटेला जाऊ नका.

धातू दिसेनासा झाला की थांबा. आणखी मारलंत तर संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. विजेरी तिरकी धरून सगळीकडून बघा. कुठे केस पडला किंवा थर पातळ वाटला तर आत्ताच सगळी पावडर हवेने उडवून पुन्हा मारा. भाजण्याआधीची चूक फुकटात सुधारते.

भाजणं

पावडरच्या डब्यासोबत माहितीपत्रक येतं, ते वाचा. प्युअर पॉलिएस्टरला बहुतेक वेळा २०० अंश, १० मिनिटं असं लिहिलेलं असतं. हे तापमान धातूचं आहे, ओव्हनच्या हवेचं नाही. जॉब आत ठेवल्यापासून घड्याळ लावू नका. थर्मोकपल २०० दाखवेल तेव्हापासून दहा मिनिटं मोजा. पातळ पट्टी सात-आठ मिनिटांत तापते, जाड ब्रेकप्लेटला वीस मिनिटंही लागतात. दार सारखं उघडून बघू नका, काचेतून बघा. आधी कोरडी भुकटी ओलसर दिसेल, मग चमक येईल. चमक आली म्हणजे झालं, असं मात्र नाही. खरी क्रिया त्यानंतर होते.

ओव्हन गच्चीत, शेडमध्ये किंवा उघड्या खिडकीजवळ ठेवा, भाजताना निघणारा वास श्वासात जायला नको. जॉब काढल्यावर हवेत आपसूक थंड होऊ द्या. टेप मात्र कोमट असतानाच काढा, थंड झाल्यावर ओढली तर कडेचा रंग सोबत येतो.

दुसऱ्या दिवशी न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा बोळा वीस-पंचवीस वेळा घासा. थोडी चमक कमी झाली तर चालतं. रंग बोळ्यावर भरपूर उतरला किंवा पृष्ठभाग मऊ, चिकट झाला तर भाजणं अपुरं राहिलंय. तो जॉब पुन्हा पूर्ण वेळ भाजा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुधारतो.

गाडीला बसवताना

पावडरचा थर वीज वाहू देत नाही. हॉर्न, ब्लिंकर, रेग्युलेटर यांचं अर्थिंग ज्या पट्टीतून फ्रेमला जातं, तिथली बोल्टखालची जागा खरवडून धातू उघडा करा आणि त्यावर थोडं ग्रीस लावा. माझा हॉर्न नवीन पट्टीवर मुका झाला होता. दोन दिवस वायरिंग शोधत बसलो आणि दोष या थरात निघाला. आट्यांत कुठे पावडर गेली असेल तर आटे पाडायचा टॅप फिरवून साफ करा, बोल्ट जबरदस्तीने आवळू नका. वॉशर घातल्याशिवाय नट आवळलात तर कोटिंग तिथे पिळून फाटतं. आणि स्टँड, फूटरेस्ट यांचे बोल्ट १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा आवळून बघा, कारण बोल्टखाली दबलेला थर बसतो आणि ते थोडे सैल होतात.